वैशालीने न घेतलेला गडी

वैशाली आज सकाळी गेली. आणि ती मनमिळाऊ वगैरे अजिबात नव्हती.

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सकाळपासून ‘गोड स्वभावाची मैत्रीण हरपली’ असे मेसेज येत आहेत. लिहिणाऱ्यांनी एकदा तरी तिच्याशी वाद घालून पाहायला हवा होता.

ती पिशोरची. आमच्या खो-खो संघाची कर्णधार. हट्टी, तोंडाळ, आणि कोणत्याही सरावाला वेळेवर न येणारी.

तरीही मी आयुष्यात ज्या मोजक्या माणसांना मनापासून मानले, त्यांत ती आहे. का, ते नीट सांगते.

कॉलेजच्या दिवसांतल्या एका स्पर्धेचा अंतिम सामना होता. शहरातलेच मैदान, मांडव, माईक, आणि पुढच्या खुर्च्यांवर राज्य संघाची निवड करणारी मंडळी.

शेवटची पाळी, आक्रमण आमचे. समोरच्या संघाची रेश्मा काळे एकटी पळत होती. ती बाद झाली की सामना आमचा.

रेश्मा पैठणची, पारधी समाजातली. इतकी सुंदर पळती मी पुन्हा पाहिली नाही. खांबापाशी अशी वळायची, की पाठलाग करणारी पुढे निघून जायची आणि ही मागे उभी.

माईकवरच्या गृहस्थांना त्यात विनोद दिसला.

“पोलिसाला नाय गावत, ती ह्या पोरींना काय गावतीय! पारध्याची पोर हाय, मंडळी, आपापली पाकिटं सांभाळा!”

मांडव हसला. चांगला खळखळून हसला.

रेश्मा थांबली.

ती दमली नव्हती. नुसती थांबली. तिच्यामागे वैशाली धावत होती. तीही दोन हातांवर येऊन थांबली. मी जवळच्याच चौकोनात, त्यांच्याकडे तोंड करून बसले होते. मला सगळे ऐकू आले.

“पळ ना गं.”

“नाय पळत आता. लाव हात, संपव.”

“अशी नको मला.”

वैशालीने हात मागे घेतला. वळून आमच्या रांगेकडे पाहिले.

“कुणीच उठायचं नाय.”

आणि स्वतः खांबाला टेकून मातीत बसली.

आम्ही बसलेल्याच होतो, बसून राहिलो. यात आमचे शौर्य फारसे नाही, हे नमूद करते. शौर्य तिचे एकटीचे होते, कारण गमावण्यासारखे तिच्याकडेच होते. राज्य संघासाठी आमच्यातून तिचेच नाव चर्चेत होते.

पंचांनी शिट्टी मारली. “वैशाली, टाइम चालू आहे!”

“चालू द्या, सर. आधी त्यांचं तोंड बंद करा.”

आमचे प्रशिक्षक रेषेबाहेरून ओरडले, “अगं येडे, हात लाव अन् मोकळी हो! सिलेक्शनवाले बसलेत समोर!”

“बसू द्या. आम्हीबी बसलोय.”

माईकवरून आवाज आला, “ताई, गंमत केली हो जरा.”

“मग तिला हसू का नाय आलं?”

 

मग मागून कोणीतरी वैतागून ओरडले, “अरे बोल डाल ना माफी, खेल खराब कर रा!” त्यामागे सद्‍भावना होती असा माझा समज नाही. लोकांना सामना पाहायचा होता. पण ज्या मांडवाने हसून साथ दिली, त्यानेच आता साथ काढून घेतली. एवढे पुरले.

“कुणाचं मन दुखावलं असेल तर…” गृहस्थांनी सुरुवात केली.

“असेल तर नाय. आन् कुणाचं नाय. नाव घ्या तिचं.”

गृहस्थांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला.

“रेश्मा काळे, माझं चुकलं.”

वाक्य निर्दोष होते. त्यात जर-तर नव्हते.

वैशाली उठली, कपड्यांची माती झटकली आणि रेश्माला म्हणाली, “आता पळ. सोडणार नाय.”

आणि खरोखर जीव तोडून धावली. दया नाही, सवलत नाही. पण वेळ आम्ही बसून घालवला होता. रेश्मा सापडली नाही. आम्ही हरलो.

निवड रेश्माची झाली. वैशालीच्या नावापुढे ‘बेशिस्त’ असा शेरा पडल्याचे आम्हाला मागाहून कळले.

हल्ली सामन्याआधी भेदभावाविरुद्धचे फलक धरून फोटो काढतात. काढावेत. मी फक्त एवढेच पाहते, की धरणाऱ्याचे त्यात काय जाते आहे.

ती संत नव्हती. त्या संध्याकाळी स्टँडवर गावी जायला कन्नडच्या बसची वाट पाहताना हुंदके देऊन रडली. मी विचारले, पश्चात्ताप होतोय का?

“पश्चात्ताप कशाचा? सिलेक्शन गेलं म्हणून रडतीय. रडू पण नको का?”

पुढे ती पिशोरलाच शाळेत खेळ शिकवू लागली. आजारपण शेवटपर्यंत कोणाला फारसे कळू दिले नाही. तोही हट्टच.

आज अंत्यविधीला रेश्मा आली होती. एसटीत कंडक्टर आहे. ड्यूटी बदलून, गणवेशातच आली. बायकांच्या घोळक्यात वैशालीची आई बसली होती. रेश्मा तिच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली,

“मावशी, त्या मॅचनंतर लोक लई गोड बोलायचे माझ्याशी. बिच्चारी म्हनायचे. ही एकटी नाय म्हनली कधी. जिथं गाठ पडंल तिथं मला बाद करायलाच यायची.”

आईने विचारले, “केलं का मग कधी?”

“केलं की एकदा. गंगापूरला. मैदानभर नाचली हो!”

आई आज पहिल्यांदा हसली.

वैशाली, तुला ताठ मानेने अखेरचा नमस्कार.