धाकट्या महालक्ष्मीचा डोळा

आमच्याकडं महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना डोळे सगळ्यांत शेवटी काढतात. अंगाचा रंग, ओठ, कुंकू हे सगळं आदल्या दिवशी, डोळे मात्र महालक्ष्म्या घरात यायच्या दिवशी सकाळी. एकदा थोरली आणि धाकटी दोघी साड्या नेसून मखरात उभ्या राहिल्या, की तिसऱ्या दिवशी विसर्जन होईपर्यंत मुखवट्याला बोट लावायचं नाही. शाळेत असल्यापासून हे काम माझ्याकडं होतं. आमच्या घरचंच नाही, भूममधल्या आमच्या अख्ख्या गल्लीचं. बायका पदराखाली मुखवटे झाकून आणायच्या आणि मी ओसरीवर बसून एका दमात डोळा काढायचो. याच्या हातात काहीतरी आहे, असं लोक म्हणायचे, आणि मलाही ते पटलेलं होतं.

चित्रकलेच्या कॉलेजला जायचं माझ्या मनात होतं. तेवढ्यात पंचायत समितीत कारकुनाची नोकरी लागली आणि घरच्यांनी पेढे वाटले. मला कुणी बळजबरी केली नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण घरासाठी मन मारलं असं मी पुढं खुशाल सांगत फिरलो. नोकरी लागली तेव्हा खरं म्हणजे मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नंतर मी एक वाक्य तयार केलं. कला कुठं पळून जात नाही, नोकरी सांभाळून ती जपता येते. शाळेत चित्रकला स्पर्धेचा पाहुणा म्हणून गेलो की हे वाक्य, कुणाच्या सेवानिवृत्तीला बोलायला उठलो की हेच वाक्य. लोक टाळ्या वाजवायचे. ऑफिसात तर मला आर्टिस्ट साहेब म्हणायचे. साहेब मी झालो नव्हतो आणि आर्टिस्ट राहिलो नव्हतो, पण हाक कानाला बरी वाटायची. मुखवट्यांचे डोळे काढणंही मी केव्हाच सोडलं होतं. ते बाजारातला एक रंगारी करून द्यायचा.

गेल्या वर्षी माझी मुलगी बारावी झाली. तिला चित्रांचं वेड आहे. आमच्या घरातलं कॅलेंडर उलटं केलं तर मागं कुणाचा ना कुणाचा चेहरा काढलेला सापडतो. तिला पुण्याला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. माझा मेहुणा, म्हणजे तिचा मामा, उमरग्याला औषधाचं दुकान चालवतो. आजूबाजूला दवाखाने, हायवे जवळ, दुकान कधी रिकामं नसतं. भाचीनं आपल्याकडं राहून फार्मसीचा डिप्लोमा करावा आणि पुढं दुकान बघावं, असं त्याच्या मनात होतं. माणूस मायेचा आहे, त्यानं काही वावगं सुचवलं नव्हतं. मलाही ते आवडलं, आणि मी मुलीपुढं माझं ठेवणीतलं वाक्य काढलं.

तिनं ते शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "पप्पा, तुम्ही शेवटचं चित्र कधी काढलं?"

मी भडकलो. ऑफिसचं काम काय असतं, घर कशावर चालतं, सगळं सुनावलं. आणि त्याच रागात जाहीर केलं, की यंदा महालक्ष्म्यांचे डोळे मी काढणार. रंगाऱ्याला सांगू नका म्हणून आईलाही बजावलं. आई खूश झाली. मुलीनं मुखवट्यांचे रंग काढून पुन्हा चढवले, ओठ रंगवले, कुंकू रेखलं आणि डोळ्यांची जागा माझ्यासाठी कोरी ठेवली.

त्या सकाळी मी आंघोळ करून ओसरीवर बसलो. जुना ब्रश पेटीतून शोधून काढला होता. पहिल्यांदा थोरली घेतली. तिचे डोळे बरे आले, म्हणजे लांबून बरे. धाकटीचा उजवा कसाबसा जमला. डावा डोळा काढताना वरच्या पापणीची रेघ अर्ध्यात आली आणि हात थरथरला. रेघ वर सरकली. चिंधीनं पुसायला गेलो तर काळा रंग गालावर पसरला. पुन्हा काढला, तर बुबुळ नाकाकडं आलं. आतून आई वेळ झाली म्हणून हाका मारत होती. मुलगी शेजारी पांढऱ्या रंगाची वाटी घेऊन उभी होती.

"मी नीट करू का?" तिनं हळूच विचारलं.

मी म्हणालो, झालंय, चांगलंय. आणि मुखवटा आईच्या हातात दिला. ताटल्या वाजवत महालक्ष्म्या घरात आल्या, मखरात उभ्या राहिल्या, आणि धाकटी तिरळी झाली ती तीन दिवसांसाठी.

संध्याकाळी हळदीकुंकवाला गल्ली लोटली. बायका दारातून कौतुक करत यायच्या, धाकटीपुढं आल्या की गप्प व्हायच्या, मग साडीचं कौतुक सुरू करायच्या. शेजारच्या काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि यंदा धाकटी जरा रुसल्यासारखी दिसायली म्हणाल्या. मी आतल्या खोलीत मोबाईल बघत बसलो होतो. वर्तमानपत्रासारखं तोंडापुढं धरता येत नाही त्याला, ही मोठी गैरसोय आहे.

दुसऱ्या दिवशी पुरणाच्या जेवणाला मेहुणा आला. तो आडपडदा न ठेवणारा. हात जोडले, वर बघितलं आणि ही कुणाची कारागिरी म्हणून विचारलं. पंगत बसलेली होती. उत्तर माझ्या ओठापर्यंत आलं होतं, असं मला अजून वाटतं. पण मी ताटाकडं बघत राहिलो.

पुरणपोळी वाढता वाढता मुलगी म्हणाली, "म्या काढले, मामा."

मेहुणा हसला. वाईट हसला नाही, भाचीवर हसतात तसंच हसला. "मंग बरंय. औषधाच्या बाटल्यास्नी डोळे काढावं लागत न्हाईत. दाजी, ठरलं म्हणायचं आता. चार दिसांत पाठवा हिला उमरग्याला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आईला माहीत होतं, बायकोला माहीत होतं. मी आंबील मागितली.

पुढं कितीही चांगलं वागलो तरी ही आंबील माझ्या घशाखाली उतरायची नाही. पोरीनं माझी अब्रू झाकायला आपलं पुणं देऊन टाकलं आणि मी वाटी पुढं केली.

दुपारी ती अंगणात भांडी विसळत होती. तू असं का बोललीस म्हणून मी विचारलं. तिनं वर न बघता सांगितलं, तुम्हाला सगळ्यांपुढं कसंतरी वाटलं असतं. आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मेहुणा मुक्कामाला होता. विसर्जनाच्या दिवशी सकाळी चहा घेताना मी त्याला खरं सांगितलं. डोळे तिनं नाही, मी काढले. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. "पोरीला झाकायलाव व्हय, दाजी? तुमचा हात मला म्हाईत न्हाई का?" बरोबरच होतं त्याचं. माझी भाषणं त्यानंही ऐकली होती. आणि त्याचा विश्वास बसला नाही, याचं मला क्षणभर बरं वाटलं. सगळ्यांत जास्त लाज मला त्या क्षणाची वाटते.

दहीभाताचा नैवेद्य झाला, आईनं अक्षता टाकल्या, मुखवटे हलवून खाली उतरवले. आता हात लावायला हरकत नव्हती. मी टर्पेंटाइनची बाटली, काळा रंग आणि ब्रश घेऊन सगळ्यांच्या मधे बसलो. थोरलीचा मुखवटा मांडीवर घेतला आणि तिचा त्यातल्या त्यात बरा आलेला डोळा पुसून टाकला. आई म्हणाली, "आरं, काय करायलास?" मी मेहुण्याला समोर बसायला सांगितलं आणि डोळा काढायला घेतला.

मी मुद्दाम वाकडा काढला नाही. जीव ओतून काढला. मनात कुठंतरी, आता तरी नीट येईल, अशी आशाही होती. रेघ अर्ध्यात आली, पुन्हा वर सरकली आणि थोरलीही धाकटीसारखी तिरळी झाली.

मेहुण्यानं मुखवटा हातात घेतला, उजेडाकडं धरला, मग माझ्याकडं बघितलं. "दाजी, हात कवा गेला तुमचा?"

मला खरंच माहीत नव्हतं. "ऑफिसात असताना गेला असंल," मी म्हणालो. "हिचा तसा जाऊ द्यायचा न्हाई मला."

त्यानं मुखवटा जपून खाली ठेवला. मग त्यानं भाचीला विचारलं, पुण्याला कधी निघायचं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि खाली बघत होती. माझा हात चालू होता तेवढा वेळ तिनं मान वर केली नव्हती, ती आत्ता केली. पुढं येऊन तिनं माझ्या हातातला ब्रश घेतला. मला वाटलं, आता डोळे नीट करायला बसेल. तिनं तो टर्पेंटाइनमध्ये बुडवून धुतला, फडक्यावर टिपला, त्याचे केस बोटांनी सरळ केले आणि नेऊन आपल्या रंगांच्या डब्यात ठेवला.