दगडावरचं एक अक्षर

कोबेत राहायला लागून आम्हाला बरीच वर्षं झाली, पण बाबा काही यायला तयार नव्हते. भूकंपाची दृश्यं त्यांनी पुण्यात टीव्हीवर पाहिली होती. तेव्हापासून जपानचं नाव काढलं की ते कोपरापासून हात जोडत. शेवटी नातीसाठी आले, आणि आल्या आल्या नातीनंच त्यांना कोंडीत पकडलं. तिला शाळेत आपल्या आडनावाचा अर्थ सांगायचा होता. इथली आडनावं सरळ, कुणाचं भाताच्या खाचरावरून, कुणाचं डोंगरावरून. बाबा म्हणाले, आपलं गावावरून आलंय. मग त्या गावात आपलं घर कुठे आहे, असं तिनं विचारलं. बाबांनी चहाचा कप तोंडाला लावला. तो रिकामा होता.

त्या गावात आमचं घर कधीच नव्हतं. जुनं आडनाव ऐकलं की लोकांना आमची जात कळे आणि भाड्याची खोली मिळत नसे, म्हणून नोकरीला लागताना बाबांनी हे 'कर'वालं घेतलं. मला हे आईनं सांगितलेलं. बाबा त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणातही 'आडनाव काय? म्हणजे मूळ कुठले?' सुरू झालं की ते पाणी आणायला उठत. आता नातीला खरं सांगायचं की थाप मारायची, ह्याचा त्यांना घोर लागला होता. मला ते दिसत होतं, पण मध्ये पडायची माझी काय बिशाद!

रविवारी त्यांना प्राचीन रोमच्या प्रदर्शनाला नेलं. लेक पाट्या वाचून जपानीत सांगायची, मी त्याचं मराठी करायचो. सगळ्यात वर खानदानी उमराव, त्यांच्याखाली सामान्य प्रजा, तळाला गुलाम. "म्हणजे आपल्याकडचंच की," असं म्हणून बाबा पुढे चालू लागले. संगमरवरी उमरावांकडे त्यांनी धड पाहिलंही नाही.

पण पुढे एका हातभर दगडापाशी ते थांबले ते हलेचनात. त्यावर आरी आणि रापी कोरलेली होती.

"हे माझ्या वडिलांचं सामान," ते हळूच म्हणाले.

आजोबांचा धंदा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. 

दगड एका चांभाराच्या थडग्यावरचा होता. जन्म गुलामीतला, पुढे मालकानं मुक्त केलेला. रिवाजाप्रमाणे त्यानं मालकाचं कुळनाव घेतलं, पण त्यापुढे एक अक्षर कोरून घेतलं. त्याचा अर्थ, मुक्त केलेला गुलाम. सगळेच ते कोरत नसत, असंही पाटीवर होतं. त्याच्या नावाखाली मुलाचं नाव होतं आणि त्यात वेगळं अक्षर, 'अमक्याचा मुलगा', म्हणजे जन्मानंच मोकळा. बापाचं अख्खं आयुष्य त्या दोन अक्षरांच्या मध्ये मावलं होतं. मी चाट पडलो. ज्यांना सगळे 'साहेब' म्हणतात ते आमचे बाबा एखाद्या पोरासारखे काचेला नाक लावून उभे होते.

"ह्यानं लपवलं नाही रे," ते म्हणाले. "वर अवजारंही कोरली."

मग ते बाकावर बसले आणि नातीला जवळ ओढलं. तिला समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील काय काम करत, लोक त्यांना लांब का ठेवत, नाव का बदललं. शेवटी जुनं आडनाव सांगितलं. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मलाही जेमतेम ऐकू आलं. आमच्या मूळ गावात त्या आडनावानं लोक फक्त हाका मारत, आणि त्याही लांबून.

लेकीनं ते नीट ऐकून घेतलं. मग बरोबर म्हणता येतंय का हे बघायला तिनं ते मोठ्यानं उच्चारलं, आणि शाळेतल्या सवयीनं त्याला आदराचं 'सान' जोडलं. इथे कुणाचंही नुसतं आडनाव घेणं तिला उद्धटपणाचं वाटतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. 'सान' म्हणजे काय, हे एवढ्या दिवसांत त्यांना ठाऊक झालं होतं.

"परत म्हण गं," ते तिला म्हणाले.