तुटलेल्या धाग्याची गाठ

यकृत निकामी व्हायला लागलं की शरीरातलं विष मेंदूत चढतं, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, आणि ते आधी घरच्यांना कळतं, असं डॉक्टरांनी मला बजावलं होतं. माझ्या मिस्टरांना हाच आजार होता, आणि डॉक्टरांच्या नव्या औषधाच्या चाचणीत ते रुग्ण म्हणून होते. मिळणारी गोळी खरी की नुसती दिसायला तशी, औषध नसलेली, हे तिथे कोणालाच ठाऊक नव्हतं. डोकं ताळ्यावर आहे का या तपासणीसाठी त्यांना कागदावरचे विखुरलेले आकडे रेघेने क्रमाने जोडायचे असत.

"मला बालवाडीत घातलंय का?" म्हणत ते चटकन जोडत, कारण तो कागद पाठ झाला होता.

म्हणून मी माझी वेगळी तपासणी ठरवली. ज्याचं आयुष्य कापड विणायच्या लूम मशीनवर गेलं, त्याला तुटलेल्या धाग्याची गाठ डोळे मिटूनही बांधता येते. रोज सकाळी चहानंतर मी धाग्याची दोन टोकं त्यांच्या हातात देई.

"अहो, बांधा."

"आली मास्तरीण!" म्हणेपर्यंत गाठ तयार असे.

त्या सकाळी त्यांनी चिडवलं नाही. टोकं नुसती बोटांत फिरवत राहिले. मग दोन्ही टोकं मांडीवर शेजारी ठेवून म्हणाले, "झालं. कर मशीन चालू."

डिंडोलीच्या आमच्या खोलीत मशीन नव्हतं.

मी रिक्षा बोलावली. चप्पल घालताना त्यांनी मला अदबीने विचारलं, "ताई, तुमची ड्यूटी दिवसाची का?"