बाबांचं बंदरावरचं नाव

आई बाबांना 'अहो' म्हणायची. आमच्याकडे सगळ्याच बायका नवऱ्याला म्हणायच्या, त्यात विशेष काही नव्हतं. पण बहरीनमधल्या हमद टाउनच्या आमच्या घरात शुक्रवारी सकाळी आईने स्वयंपाकघरातून "अहो" अशी हाक मारली, की अंगणातले सगळे धट्टेकट्टे लोक लाथ हवेतच ठेवून वळून बघायचे. कारण तेही बाबांना जवळजवळ तेच म्हणायचे. मास्टर अहोइस.

हे नाव बाबांना ब्राझीलमध्ये मिळालं होतं. बहरीनला एसी दुरुस्त करायला येण्याआधी ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. इंजिन बिघडून ती बोट ब्राझीलच्या एका बंदरात काही महिने अडकली आणि तिथल्या एका हमालाने रिकामटेकड्या बाबांना कापुएरा शिकवला. कापुएरा म्हणजे दिसायला नाच, असायला मारामारी. सगळे गोल करून टाळ्या वाजवतात, गातात, आणि मधले दोघे हातांवर उलटे होत एकमेकांच्या डोक्यावरून लाथा फिरवतात. लागू द्यायची नाही, ही त्यातली गंमत. आमचे रत्नागिरीचे ओळखीचे लोक सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "म्हणजे जाखडीच की! गणपतीत गोल धरून नाचतात ती." बाबा चिडायचे. जाखडीत कोणी लाथा मारतं का, असं विचारायचे. त्यावर, आमच्या गावची जाखडी तुम्ही बघितली नाहीत, असं उत्तर यायचं.

कापुएरात गुरूने टोपणनाव दिल्याशिवाय शिष्य पुरता झाला असं बाबा धरत नसत. आपल्या नावाचा अर्थ ते छाती पुढे काढून सांगायचे, "समुद्रावरचं वादळ." त्यांनीही शिष्यांना नावं वाटली होती. मल्याळी ड्रायव्हर 'मुंगूस' होता. शेजारचा बहरीनी तरुण 'भोवरा' होता, फक्त तो स्वतःला 'बोवारा' म्हणायचा. मला, पोटच्या मुलीला, नाव नव्हतं. शाळेत असल्यापासून शिकत होते, आता मनामाच्या एका बँकेत नोकरीला लागले होते, तरी विचारलं की उत्तर एकच. "अजून कच्ची आहेस गो." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग बाबा पडले. लाथ चुकवताना नव्हे, बाथरूममध्ये, साबणावरून. सलमानियाच्या हॉस्पिटलात प्लास्टरमधला पाय टांगून घेऊन त्यांनी जाहीर केलं, "क्लास खलास."

"मी चालवते," मी म्हटलं.

"बिननावाच्या माणसाच्या हाती गोल देत नाहीत."

"मग द्या ना नाव!"

"मागून मिळतं होय?"

मी तरातरा बाहेर आले आणि जिन्यात रडले. बँकेत मी दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या तपासायचे. त्या गोलात उतरले की मात्र मी कोणीतरी असायचे. तो क्लास बंद पडणं मला सहन होणार नव्हतं.

म्हणून शुक्रवारी मी बिननावाचीच अंगणात उभी राहिले. नेमका त्याच दिवशी भोवऱ्याने पाहुणा आणला. कुठल्याशा फुटबॉल क्लबचा नवा ट्रेनर, खराखुरा ब्राझिलियन! बाबा एवढी वर्षं आम्हाला जाखडीच शिकवत असतील तर? पाहुणा थोडा वेळ बघत बसला, मग बूट काढून सरळ माझ्यासमोर आला. त्याची लाथ माझ्या कानावरून गेली, माझी त्याच्या नाकापुढून. तो थांबला, घाम पुसला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "फार छान. कोणी शिकवलं?"

"मास्टर अहोइस!" सगळे एका सुरात ओरडले.

त्याला ठसका लागला. मग म्हणाला, मला त्यांना भेटायचंय.

संध्याकाळी त्याला घेऊन मी सलमानियाला गेले. आई डबा उघडून बाबांना जेवण वाढत होती. पाहुणा कोण ते कळताच बाबा उशीला टेकून ताठ बसले आणि त्यांनी आपलं बंदरावरचं नाव सांगितलं. पाहुण्याने त्यांचा हात आदराने हातात घेतला आणि विचारलं, "राइस? व्हाय राइस?"

"कसला राइस?"

"अहोइस," पाहुण्याने डब्यातल्या भाताकडे बोट दाखवलं. "राइस."

बाबांची नजर त्या भातावर गेली. "रोज शिकवणी संपली की मी भात मागायचो," ते हळूच म्हणाले. "गुरू ओरडायचा, अहोइस! सगळा धक्का हसायचा. मला वाटायचं, कौतुकाने हसतात."

"म्हणजे इतकी वर्षं मी भातालाच भात वाढतेय," आई म्हणाली.

कोणी हसलं नाही. बाबांचा चेहरा एवढासा झाला होता, आणि मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, "बाबा, हा माझ्याशी खेळला. माझी लाथ बघून त्याने विचारलं, कोणी शिकवलं."

"तुझी लाथ बघून?"

"हो."

बाबांनी पाहुण्याकडे बघितलं. "शी गुड?"

पाहुण्याने दोन्ही अंगठे वर केले. बाबा पुन्हा डब्याकडे वळले. त्यांनी खालचा कप्पा काढून आत बघितलं.

"मग तू वरण," ते म्हणाले.

"काय?"

"नाव दिलं. वरण. शुक्रवारी वेळेवर सुरू कर. यल्ला, लाग कामाला."

बाबांचं प्लास्टर निघालं, पण हातांवर उलटं होणं संपलं ते संपलंच. क्लास माझा झाला. बाबा खुर्चीवर बसून टाळ्यांचा ताल धरायचे. नवा शिष्य आला की हमखास विचारायचा, मास्टर वरण म्हणजे काय? मी आधी बाबांकडे बघायचे, ते मान डोलवायचे, आणि मग मी छाती पुढे काढून सांगायचे, "समुद्रावरचं वादळ."