भीमाभाऊसाठी आंबील

बर्फातल्या पोस्टवर चढायच्या आदल्या संध्याकाळी मी पाठीवरचा पिट्टू तिसऱ्यांदा उघडला. जॅकेट, मोजे, आणि सुट्टीवरून निघताना आईनं बांधून दिलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ. वजन जास्त होत होतं. लान्स नायक भीमाभाऊ बघत होता. साताऱ्याकडचा, आमच्यात सगळ्यात जुना. मी मोखाडा तालुक्यातला, म्हणून मला तो मोखाडाच म्हणायचा.

"ए मोखाडा, पीठ राहू दे. मोजे कमी कर. नाहीतरी तू धूत नाहीस."

पीठ वर आलं.

आता मी फौजेत चार वर्षं करून सूर्यमाळला घरी आलोय. बसवत नाही एका जागी, म्हणून चुलीपाशी असतो. उरलेल्या भाताचे वडे, शिळ्या भाकरीचा चिवडा, सगळं करून बघतो, फोटो ग्रुपवर टाकतो. तुम्ही विचारता, फौजीला हे कुठून सुचतं? तिथूनच! म्हणून लिहितोय.

वर पोस्टवर रूटीन एकच. बर्फ वितळवायचा, ड्यूटी, हत्यार साफ, संध्याकाळी रेडिओ. जेवण पाळीपाळीनं. टिनमधली भाजी रोज, नुसती बघूनच पोट भरायचं. मग मी सुरू झालो. शिळ्या पुऱ्या कुस्करून फोडणीला. उरलेल्या डाळीत कणीक मळून पराठे. केरोसिन जपायचं, म्हणून एकदाच शिजवायचं.

सुभेदार साहेब म्हणाले, "चुकून भरती झालास तू. जव्हारला हॉटेल टाक."

मग हवा बिघडली. रसद घेऊन येणारी पार्टी खालीच अडकली. त्यातच भीमाभाऊला खोकल्यानं धरलं, दम लागायला लागला. नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं. साहेब रेडिओवर.

"हेलिकॉप्टर कधी? ओव्हर."

"हवा उघडली की. ओव्हर."

मी आत-बाहेर, आत-बाहेर. ढग बघायचे, परत येऊन त्याला बघायचं. टिनमधलं काही दिलं की उलटी. नर्सिंग असिस्टंट म्हणाला, "पोटात काहीतरी टिकलं पाहिजे रे. ताकद संपतेय त्याची."

आंबील! आमच्याकडे उन्हाळ्यात माणूस दुसरं काही खात नसला तरी आंबील पितो. नागलीचं पीठ पाण्यात कालवायचं, रात्रभर आंबवायचं, सकाळी शिजवायचं. लगेच कालवून ठेवलं. सकाळी बघतो तर दगड! गोठलेलं. सूर्यमाळला चुलीजवळ आंबतं, इथं कसं आंबेल? डोकंच चाललं नव्हतं माझं.

वितळवलं, डब्यात भरलं आणि डबा घेऊन स्लीपिंग बॅगेत शिरलो. पोटाशी धरून. कूस बदलायची सोय नाही.

शेजारून आवाज आला, "मुलगा की मुलगी?"

सगळे हसले. भीमाभाऊपण हसला, आणि मग बराच वेळ खोकला.

तेवढ्यानं आंबलं नाही. अजून एक रात्र डबा पोटाशी. मग झाकण उघडल्यावर वास आला. आंबट, बरोबर घरच्यासारखा. उरलेला भात घातला, मीठ टाकलं, पातळ शिजवलं. भीमाभाऊनं मास्क बाजूला करून घोट घेतला. आम्ही सगळे बघत उभे. टिकलं. परत घोट घेतला.

"मोखाडा, असलं आम्ही म्हशीला देतो."

"मग प्या की."

"पितोय ना. संध्याकाळी अजून दे."

संध्याकाळी दिली. त्यातलीच सकाळसाठी ठेवली.

सकाळी हवा उघडली. हेलिकॉप्टर आलं, पंखा चालू ठेवूनच त्याला आत घेतलं, गेलं. आंबील द्यायला वेळच मिळाला नाही.

दुपारी रेडिओ वाजला. लान्स नायक भीमाभाऊ वाटेतच गेला होता.

साहेब "रॉजर" म्हणाले. "ओव्हर" म्हणायला त्यांना वेळ लागला.

पातेल्यात त्याची आंबील तशीच होती. टाकायला कोणी उठेना. शेवटी साहेबांनी स्वतः स्टोव्ह पेटवला, गरम केली, प्रत्येकाच्या मगमध्ये थोडी थोडी ओतली. उभ्यानंच प्यायलो.

नंतरची ड्यूटी भीमाभाऊची होती. मी रायफल घेतली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो.