लाइटवाल्याच्या दारात जनरेटर

कंधारात आमचं घर 'लाइटवाल्याचं घर' म्हणूनच ओळखतात. अण्णा, म्हणजे माझे वडील, लाइट ऑफिसात लाइनमन म्हणून लागले आणि फोरमन होऊन रिटायर झाले. ते रिटायर झाले हे ऑफिसनं मान्य केलं, गल्लीनं अजून केलेलं नाही. लाइट गेली की कुणीतरी फाटकाशी येतंच, "अण्णा, कधी येईल?" आणि अण्णाही पेपरातून मान वर न करता सांगतात, "फॉल्ट हाय. पोरं लागलेत कामाला. येईल." लाइट आली तर श्रेय अण्णांचं, नाही आली तर दोषही त्यांचाच.

मायचं, म्हणजे माझ्या आईचं, शेवयांचं मशीन आहे. उन्हाळकामाच्या दिवसांत गल्लीतल्याच नव्हे, आसपासच्या खेड्यांतल्या बायासुद्धा पीठ भिजवून गोळे घेऊन येतात. ओसरीत नंबर लागतात. घरात इन्व्हर्टर आहे, पण तो दिवे-पंख्यांपुरता. मशीनची मोटर त्याच्यावर लावली की तो एकदा कोकलतो आणि मुका होतो.

मी लातूरला शाळेत शिकवते. उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच दिवशी मायचा फोन आला.

"ये लवकर. नांदेडला जायचंय. जनरेटर घ्यायचाय."

मागून अण्णांचा आवाज आला, "माझ्या दारात जनरेटर येणार न्हाई! सांग तिला!"

"ऐकलीस का?" माय म्हणाली. "तयार हायेत ते."

घरी गेल्यावर कळलं ते असं. एक बाई लेकीच्या लग्नाच्या शेवया करायला मोठी घमेलीभर पीठ भिजवून घेऊन आली होती. तिचा नंबर आला आणि लाइट गेली. बायका ओल्या फडक्याखाली गोळे झाकून ओसरीत बसल्या आणि सगळ्यांनी मिळून अण्णांकडं बघायला सुरुवात केली. अण्णांनी ऑफिसला फोन लावला. "पाच मिनिटं," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "पाच मिनिटं." दुपार कलली, पीठ आंबलं. ती बाई घमेली डोक्यावर घेऊन निघाली आणि फाटकात थांबून म्हणाली, "अण्णा, तुमच्याच घरी लाइट न्हाई, मग आमी कुठं जावं?"

अण्णा त्या रात्री जेवले नाहीत. माय मात्र पोटभर जेवली आणि जेवताना तिनं ठरवून टाकलं.

आम्ही दोघी नांदेडला गेलो. अण्णा आले नाहीत. "मला त्यातलं काही विचारू नका," असं बजावून त्यांनी आम्हाला बसमध्ये बसवून दिलं.

दुकानदार तरणा, बोलका होता. त्यानं आधी एक लहानसा लालभडक जनरेटर दाखवला. "हा घ्या मावशी. हलका हाय, कुठंबी उचलून न्या."

"ती सोय चोराच्या कामाची," माय म्हणाली. "दुसरा दाखव. आवाज किती करतो?"

"एकदम सायलेंट." त्यानं दुसरा चालू करून दाखवला. पुढचं बोलणं खुणांनी झालं. 'बघा, आवाजच न्हाई' असं तो म्हणाला असावा, कारण त्याचे ओठ तसे हलले.

तेवढ्यात माझा फोन वाजला. अण्णा होते.

"सहज केला. जेवलात का?"

"अण्णा, आताच तर पोचलो."

"बरं. वाइंडिंग तांब्याची हाय का विचार. मला काय करायचंय म्हणा. पण विचार."

मी विचारलं. तांब्याची होती. फोन ठेवला न ठेवला तोच परत वाजला. "मशीनची मोटर चालू होताना तिप्पट करंट ओढती, त्याला सांगितलीस का? न्हाई, मी यात पडत न्हाई. तू सांग फक्त." तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मायनं तो माझ्या हातातून घेतला आणि सरळ दुकानदाराच्या कानाला लावला.

दुकानदार आधी खुर्चीत रेलून बोलत होता. मग ताठ बसला. मग उभाच राहिला. "हाव साहेब. न्हाई साहेब. बरोबर हाय साहेब, लहान मॉडेल न्हाई पुरणार." मग तो फोन घेऊन जनरेटरांच्या रांगेतून फिरला, एकेकाची पाटी वाचून दाखवली, एकदा तर वाकून कशाचा तरी खालचा भाग बघून आला. शेवटी कपाळ पुसत त्यानं फोन परत दिला.

"साहेबांनी हा पसंत केलाय," तो म्हणाला.

तो हिरवा, चाकांचा, चावीनं चालू होणारा आणि वासराएवढा होता. आमची पसंती कुणी विचारली नाही. भावातली घासाघीसही त्या दोघांनीच फोनवर उरकून टाकली होती. मायला फार वाईट वाटलं, कारण नांदेडला येताना तिनं तीच तयारी करून आणली होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून जनरेटर आला. गल्ली गोळा झाली. अण्णा ओसरीत पेपर उघडून बसले होते, पण बराच वेळ पान काही उलटलं नाही. बसवायला आलेला वायरमन जागा शोधायला लागला. जिन्याखाली ठेवू म्हणाला.

"धूर कुठं जाईल?" पेपरामागून आवाज आला.

"मग ह्या खिडकीखाली?"

"खिडकीतून कुठं जाईल?"

शेवटी न्हाणीघरामागं मोकळ्यावर ओटा बांधून वर पत्रा टाकायचं ठरलं. ठरलं म्हणजे अण्णांनी पेपर घडी करून ठेवला आणि स्वतः जाऊन खडूनं रेघा मारल्या. अर्थिंगचा खड्डा त्यांना मनासारखा खोल होईना. मीठ-कोळसा घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मायची मिठाची बरणी उचलून नेली आणि पालथी केली. त्या दिवशीची आमटी अळणी झाली, त्याबद्दल कुणी बोलायचं नव्हतं.

ओटा वाळला, जनरेटर वर चढला, आता फक्त जोडणी राहिली. वायरमननं पिशवीतून एक वायर काढली. तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. "हे टोक जनरेटरला, हे घरातल्या सॉकेटात. लाइट गेली की मेन बंद करायचा आणि हे घुसवायचं. झालं काम. सगळेच असंच करतात."

अण्णांनी ती वायर त्याच्या हातातून घेतली. मला वाटलं, ओरडतील. ते ओरडले नाहीत. वायर गुंडाळत खाली बसले.

"आणि मेन बंद करायचा इसरला तर?" त्यांनी विचारलं.

वायरमन मेनच्या स्विचकडं बघायला लागला.

"माझा जोडीदार खांबावर होता," अण्णा म्हणाले. "लाइन मीच बंद करून आलो होतो. मीच त्याला म्हणलो, चढ. बाजारात कुण्या दुकानदारानं असाच जनरेटर लावला, मेन तसाच चालू. करंट उलटा तारेत आला. कमरेच्या पट्ट्यावर लटकत राहिला माणूस. वाचला. पण उजवी मूठ परत कधी मिटली न्हाई त्याची. मग त्याला ऑफिसात टेबलाच्या कामावर बसवलं. डाव्या हातानं सही करायला शिकला. लई दिवस लागले त्याला."

मायच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. त्या माणसाला ती ओळखत होती. तो आमच्या घरी जेवायला यायचा, डाव्या हातानं जेवायचा. तो डावखुराच असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

"सांगितलं का न्हाई कधी?" तिनं विचारलं.

"काय सांगायचं त्यात?" अण्णा म्हणाले, आणि पायात चपला घालून स्वतः बाजारात गेले. चेंजओव्हर स्विच घेऊन आले. त्याचा दांडा वर केला की घर बाहेरच्या लाइनवर, खाली केला की जनरेटरवर. दोन्ही एकदम जुळूच शकत नाहीत. वायरमननं तो बसवला आणि अण्णांनी तो आम्हाला इतक्या वेळा शिकवला की मला झोपेतही दांडा दिसायला लागला. "आधी दांडा, मग चावी. आणि मी नसताना कुणी हात लावायचा न्हाई."

नारळ फुटला. आता लाइट जाण्याची वाट बघणं आलं. अण्णा सकाळी तुळशीच्या आधी अर्थिंगच्या खड्ड्याला, तो ओला राहावा म्हणून, पाणी घालू लागले, तेवढ्यावरून घरात एक भांडण झालं.

शेवटी लाइट गेली. अण्णा नेमके दाढीला गेलेले. ओसरीत बायका गोळे घेऊन बसलेल्या.

"अण्णा येऊ दे," मी म्हणाले.

"पीठ आंबू दे म्हण की," माय म्हणाली. तिनं पदर खोचला, मागं गेली, दांडा खाली ओढला आणि चावी फिरवली. जनरेटर धडधडत चालू झाला, पत्रा थरथरला, शेजारच्यांच्या कोंबड्या भिंतीवरून पलीकडं गेल्या, आणि मशीनमधून शेवया सुटायला लागल्या. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

अण्णांना आवाज सलूनमध्ये ऐकू गेला. ते आले तेव्हा निम्म्या तोंडाला फेस होता, गळ्यात सलूनचं कापड होतं, आणि कापडाच्या काळजीनं मागं सलूनवालाही पळत आला होता. अण्णा कुणाकडंही न बघता सरळ स्विचपाशी गेले. दांडा बघितला. टेस्टर काढून बाहेरची लाइन तपासली. टेस्टर लागला नाही, म्हणजे करंट उलटा तारेत गेला नव्हता.

"कुणी फिरवला?"

"मीच. आधी दांडा, मग चावी," माय म्हणाली. "इतक्यांदा सांगितलात की त्या भिंतीचंबी पाठ झालं असंल."

अण्णांनी टेस्टर खिशात घातला. मग सलूनच्या कापडानं त्यांनी फेस पुसला. "बरोबर केलीस," ते म्हणाले. ओसरीतल्या बायका हसायला लागल्या, तेव्हा उरलेल्या निम्म्या दाढीसाठी ते लगबगीनं परत गेले.

माझी सुट्टी संपली, मी लातूरला आले. अण्णांचं मात्र नवंच सुरू झालं. कुणाच्या दारात जनरेटर दिसला की ते आत शिरतात आणि जोडणी कशी केली ते बघतात. कुणी चहा पाजतं. एका मोबाइलच्या दुकानदारानं विचारलं, "अण्णा, तुमी रिटायर झालात ना?" ते रागानं घरी आले, घटाघटा पाणी प्यायले, आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत चेंजओव्हर स्विच घालून त्याच्याच दुकानात जाऊन बसले. गिऱ्हाइकांसमोर ते दोन्ही टोकांच्या पिनांबद्दल इतकं सविस्तर बोलायला लागले की दुकानदारानं संध्याकाळपर्यंत तो स्विच बसवून घेतला.

परवा मी फोन केला. अण्णांनी उचलला नाही म्हणून मायला लावला.

"अण्णा कुठंयत?"

"ड्युटीवर," माय म्हणाली. मागं मशीन घरघरत होतं, बायका तिला हाका मारत होत्या, आणि तिला फोन ठेवायची घाई होती.