सगुणामावशी आणि पाखरांचे वाळे

मिठागराचा बांध निम्मा चालून झाला होता. माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून चप्पल हातात. पुढे सगुणामावशी डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यावरून चालावं तशी चिखलातून चाललेली.

"बाय, तुमी वर्तकनगरच्या. डांबरावर चालनाऱ्या. टेका जरा."

"नको मावशी, टेकले तर उठायची नाही."

ती हसली. मग सकाळपासून विचारत होती तेच परत विचारलं. "मॅडम वाळे ठेवून नाय ना घेनार? देवीचे हायेत."

"आकडे उतरवून घेतील आणि परत देतील. मी आहे ना."

सगुणामावशी कळव्याच्या कोळीवाड्यातली. नवरा गुणाजी गेल्यावर जाळं तिनंच सांभाळलं, आणि आमच्या कॉलनीत दारोदार मासळीही तीच विकायची. मुलगा एकच, दामाजी. होडी विकण्यावरून घरात भांडण झालं, तो कुठल्याशा मालवाहू गलबतावर चढला आणि गेला. वर्षं लोटली, निरोप नाही. दीर शिवराम दर भाद्रपदात, पितृपक्ष आला की म्हणायचा, "वहिनी, पोराच्या नावानं पान वाढ. त्याला तरी सुटू दे." ती वाढायची नाही. पण या वर्षी तिचा आवाज खाली आला होता. "म्हातारी जाले बाय. मी गेल्यावर तेचं कोन करनार? या खेपेला वाढीन म्हनते."

मी तेव्हा ठाण्यात एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट. आमच्या जया मॅडम थंडीत येणाऱ्या पाखरांचा अभ्यास करायच्या. भिंतीवर मोठा नकाशा. पाखराच्या पायात आकडा आणि हापिसाचा पत्ता कोरलेली कडी घालून जिथं सोडलं तिथं एक टाचणी, ते पुढे जिथं सापडलं तिथं दुसरी, मध्ये दोरा. कुठलं गाव किती गावांशी जोडलेलं आहे, आणि एखाद्या गावची पाणथळ बुजवली तर कुठले कुठले रस्ते तुटतील, हे त्यांना शोधायचं होतं. आमच्या खाडीला मात्र एकही दोरा नव्हता.

मासळी घेताना मी मावशीला सहज विचारलं, तर ती म्हणाली, "वाळा घातलेलं पाखरू? ते कोनाच्या तरी नवसाचं. देवीला सोडलेलं."

कोळीवाड्यात सगळ्यांचा हाच समज. असं चिखलात चरणारं तुतवार पाखरू जाळ्यात जिवंत सापडलं तर त्याला कुंकू लावून सोडायचं. मेलेलं सापडलं तर पायातला वाळा बांधावरच्या गावदेवीला वाहायचा. देवीची वस्तू, तिच्यासाठी कुठल्या हापिसाला कोण लिहिणार?

तीच वाळ्यांची माळ आणायला आम्ही निघालो होतो. देवळीत मी नारळ ठेवला, हात जोडले. मावशी देवीच्या कानाशी काहीतरी पुटपुटली आणि मगच तिनं माळ उतरवली.

कळव्याचा पूल ओलांडून कॉलेजात पोचलो. नकाशा बघून मावशी माझ्या कानात म्हणाली, "वडाला गुंडाळायचे ते दोरे भितीला काय गुंडाळल्यात ह्यांनी? लगीन जालंय ना?"

मॅडमना ऐकू गेलं. त्या खळखळून हसल्या. "झालंय सगुणाबाई. नवराही हेच विचारतो."

मग त्या भिंगातून एकेक वाळा वाचून वहीतल्या नोंदींशी ताडत गेल्या आणि मी टाचण्या देत गेले. ठाण्याच्या खाडीतून पहिला दोरा निघाला, मग दुसरा. कुठले राजस्थानात, कुठले थेट रशियात. बरेचसे कच्छला जाऊन मिळाले. तिथं आधीच दोऱ्यांची गर्दी होती.

"हितं तुमी टाचनी आधी का नव्हती लावली?" मावशीनं विचारलं.

"निरोपच नव्हता ना. आम्हाला वाटलं, वाळेवाली पाखरं इथं येतच नाहीत."

"येत व्हती की! दर वर्साला येत व्हती!"

"हो. येत होती. कळवणारं कोणी नव्हतं, एवढंच."

 मावशी पदर तोंडाला लावून नकाशासमोर उभी राहिली. मॅडमनी चहा मागवला, तो तिच्या हातातच निवला.

परतताना माळ तिच्या टोपलीत होती. खाडीला ओहोटी लागलेली, चिखलावर बारकी बारकी पाखरं चरत होती. पुलाच्या मध्यावर तिनं माझा दंड धरला. इतक्या वर्षांत तिनं मला कधी अगंतुगं केलं नव्हतं.

"बाय, तुजं अक्षर चांगलं. समदे दोरे ज्या गावाला मिळतात ना, तिथं मना एक कागद लिवून दे. येवढी गावं तिथं येऊन मिळतात, तर मानूसबी कदी ना कदी तिथनं गेला असंल. लिव, दामाजी गुणाजी, कळव्याचा, डाव्या कानामागं तीळ हाय. कोनाला दिसला असंल, तर रागावू नका, नुसता निरोप धाडा. आनि बाय, भादव्याच्या आत लिव."